डोळ्याखालची सैल तार

अंबादास तायडे स्वतःला मेंदूचा तलाठी म्हणवून घ्यायचा. सत्त्याण्णवच्या सुमारास नोएडात नव्या कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर झोप उडालेले साहेब आले आणि त्या साहेबांसाठी एक खासगी झोप-तपासणी केंद्र निघालं. सरकारी दवाखाना सोडून तिथे आलेला अंबादास लोकांच्या डोक्याला तारा चिकटवी आणि सरकत्या कागदावरच्या शाईच्या लाटा वाची. हा आता डुलकी घेतोय, हा गाढ झोपला, याचे डोळे पापण्यांआड भिरभिरताहेत म्हणजे स्वप्न सुरू झालं, सगळं तो काचेपलीकडून सांगे. जाग्या माणसाच्या मनातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नसे. स्वतःच्या तर नाहीच.

चार महिन्यांपूर्वी अमरावतीला त्याचे बाबा गेले. घरदार रडत होतं आणि हा पठ्ठ्या मंडपवाल्याशी खुर्च्या कमी का आल्या म्हणून हुज्जत घालत होता. त्यानंतर आई, रमाबाई, त्याच्याकडे राहायला आल्या, पण जेवणापुरतंच बोलत. एकदाच त्यांनी विचारलं, "बाप नकोसा झाला होता का रे तुला?" खरं तर अंबादासलाही तीच भीती होती.

त्या दुपारी पेशंट आलाच नाही. नव्याने लागलेल्या मयुराला सराव हवा होता आणि रात्रपाळी करून अंबादास पेंगुळला होता. त्याने आपलंच डोकं पुढे केलं.

दोन तासांनी उठून त्याने कागद उलगडला. झोप अगदी पुस्तकात छापावी अशी. पण स्वप्नाच्या पायरीवर डोळ्याखालच्या तारेची रेघ वेडीवाकडी झाली होती.

"मयुरा, यार, तार सैल आहे. एवढंही दिसलं नाही?"

"सर, दोनदा चिकटवली. सारखी सुटत होती."

"मग पेस्ट जुनी असेल." वर त्याने तार कशी चिकटवावी यावर दहा मिनिटं व्याख्यान झोडलं.

मयुराने मान खाली घालून कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. पेशंट जे काही करेल ते वेळेसकट तिथे लिहायचं, हा अंबादासचाच नियम. तिने लिहिलं होतं: ‘३.४०. रडताहेत. "बाबा, बसा, खुर्ची आणली" असं म्हणाले. गाल पुसून तार पुन्हा लावली.’

अकरा वर्षं लाटा वाचणाऱ्या माणसाने आपल्याच आसवांना बिघाड ठरवलं होतं. तो हसायला गेला, पण ते जमलं नाही.

संध्याकाळी त्याने तो कागद आईपुढे धरला. "आई, हा मी. इथे रडलोय, बघ."

रमाबाईंना लाटा कळल्या नाहीत. कडेवरचं अक्षर मात्र त्यांनी दोनदा वाचलं. मग लेकाच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं.

"पुन्हा रडू आलं तर मला हाक मार," त्या म्हणाल्या.

झोपलेला माणूस ठरवून कुणाला हाक मारू शकत नाही, हे समजावून सांगणं हा तर अंबादासचा धंदाच होता. तो फक्त "हो" म्हणाला.