दुसऱ्या मजल्यावरचा टोमणा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि अजूनही नाही... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी बार्शीची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. नोकरी हिंजवडीत, राहायला कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर पेइंग गेस्ट. एक दिवस जिना चढताना अचानक धाप लागली, मग रोजच लागू लागली. एक्स-रे नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन. घरमालकीण काकू म्हणाल्या, नजर. त्यांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली – त्या धुरात उरलासुरला श्वासही गेला. बाबा फोनवर म्हणाले, "झेपत नसेल तर परत ये." परत गेले असते तर धाकट्या बहिणीला कोणी पुण्याला पाठवलं नसतं.

त्या शनिवारी भर दुपारी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत उभी होते. समोरच्या दारात व्हीलचेअरवर नेहमीचे आजोबा. मान न वळवता म्हणाले, "अहो, छाती तपासलीत, हृदय तपासलंत. रक्त काय फक्त डासांसाठी राखून ठेवलंय?"

इतका राग आला की तशीच खाली उतरून लॅबमध्ये गेले. हिमोग्लोबिन साडेपाच. माझं शरीरच माझ्या तांबड्या पेशी मोडत होतं म्हणे. अ‍ॅडमिट झाले, औषधं सुरू झाली, हळूहळू जिना जमू लागला.

मग पेढे घेऊन आजोबांकडे गेले. त्यांच्या सुनेने दार उघडलं.

"आजोबा त्या दिवशी बोलले, म्हणून मी वाचले."

"कोण बोललं? अहो, पॅरालिसिस झाल्यापासून त्यांना शब्द फुटत नाही. चार वर्षं झाली."

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सूनबाई खुर्चीत बसल्याच.

"हे त्यांचंच बोलणं. लग्न झाल्यावर या असल्या बोलण्यापायी किती रडलेय मी..." मग हळूच म्हणाल्या, "आणखी काही म्हणाले का हो?"

मी नाही म्हटलं. आजोबांनी शांतपणे डावा हात पुढे केला. दोन पेढे खाल्ले.

नोकरी टिकली. धाकटी आता माझ्याच खोलीत राहून कॉलेजला जाते. डॉक्टर म्हणतात, रक्त इतकं कमी झालं की भास होऊ शकतात. असेलही. पण बार्शीत शिकलेल्या माझ्या डोक्याला, तेही निम्म्या रक्तावर, इतका चोख पुणेरी टोमणा सुचला असेल... हे काही मला आजतागायत पटलेलं नाही.