अनसेट केलेली खार

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कुणी अनुभव सांगायला लागलं की "पुरावा दाखव" म्हणणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... तुम्हीही हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची बार्शीची. कुंभारी गावात खोली घेऊन राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात प्रोग्रामर आहे. काठ, मधलं फूल, कोपरा असा नक्षीचा एकेक भाग माझ्या पीएचपी प्रोग्राममध्ये एकेका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव लावलेल्या डब्यात असतो. प्रोग्राम ते सगळं जोडून फाइल तयार करतो आणि माग ती फाइल विणतो.

मालकांचे वडील तातय्या पूर्वी हातानं नक्षी पाडायचे. घरच्या लेकीच्या लग्नातल्या चादरीवर ते कोपऱ्यात एक खार काढायचे — मान वळवून माहेराकडे बघणारी. विकायच्या मालावर ती कधीच नसायची. तातय्या गेले, त्यांच्या नक्ष्यांचे कागद उंदरांनी खाल्ले, आणि यंदा नात श्रावणीचं लग्न ठरलं. तिचं मागणं एकच — आजोबांची खार.

श्रावणीच्या आत्याच्या चादरीचा एक पुसट फोटो सापडला. मी 'खार' नावाचं व्हेरिएबल केलं आणि तूर्त नल ठेवलं. म्हणजे डबा फळीवर आहे, आत काही नाही. मग फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते एकच्या मधल्या आकड्यात घेतला आणि घाईत तो इंटीजरला कास्ट केला, म्हणजे पूर्णांकात बदलला. झालं! पॉइंटनंतरचं सगळं उडालं, करडं होतं तेवढं काळं झालं.

"वर्षा, खार न्हाय ही, वांगं हाय की," मालकीणबाई पद्माक्का म्हणाल्या. श्रावणी पोट धरून हसली.

कास्ट दुरुस्त केला, तर वांग्याचं भरीत झालं. फोटोच तसला, मी तरी काय करणार?

"असू दे ताई, कोपरा मोकळाच ठेव," श्रावणी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. मी व्हेरिएबल अनसेट केलं, म्हणजे डबाच फळीवरून काढून टाकला, आणि फाइल मागावर दिली. पाहुण्यांना द्यायच्या चादरीही त्याच फाइलवर निघणार होत्या.

भर दुपारी पहिली चादर उतरली. कोपऱ्यात खार. मान वळवलेली, शेपूट वर...

पद्माक्कांनी खारीवरून हळूच बोट फिरवलं. "मामंजींचीच हाय ही," एवढंच म्हणाल्या. श्रावणी चादर छातीशी धरून रडत होती, मधेच हसत होती.

मी धावत जाऊन फाइल उघडली. कोपरा कोरा. पुढच्या चादरींचे कोपरेही कोरेच आले. आणि मधेच एकीवर परत खार.

"घरात लेक तर एकच," मी म्हटलं. "मग ही कुणाची?"

पद्माक्कांनी चादरीची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. "लेकी मामंजींनी मोजल्यात. आमी कोण न्हाय म्हणणार?"

आता जाणकार म्हणतील, फंक्शनच्या आत अनसेट केलं असशील, बाहेरचं व्हेरिएबल तसंच राहिलं असेल. नाही हो. आणि राहिलं असतं तरी भरीत आलं असतं, खार कुठून येणार? बरं, मागाच्या आठवणीत असेल म्हणावं, तर हा माग तातय्या गेल्यानंतर आणलाय.

चादर माझ्या कपाटात आहे. "चादर तयार हाय, आता पोरगा बघा की," असं पद्माक्का बार्शीला आईला फोन करून सांगतात. मी नुसती लाजते. उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही... तातय्यांनी मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, मग घरची लेक म्हणून कसं ओळखलं?