तिसरी बाही

मी एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या. दोन्ही डाव्या.

चाळीस वर्षं कात्री धरलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटतेच आहे... पण ही चूक सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आणि आणखी एक — भूत, करणी, सावली हे सगळं मी आयुष्यभर चेष्टेवारी नेलं. रेवदंड्याच्या किल्ल्यात दिवे दिसले म्हणून एकजण घामाघूम होऊन आला होता, तेव्हा ‘पिकनिकवाल्यांचे मोबाईल असतील रे’ म्हणत चारचौघांत त्याची टर उडवणारा मीच.

चौलला सुपारीच्या वाडीला लागून आमचं घर, घराच्या पडवीत दुकान. दोन मशिनी. एक माझी, एक सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची. कापायचं मी, हातशिलाई तिची. आणि तपासणीही तिचीच. कात्री लावण्याआधी मी म्हणायचो, “बघ गं.” ती मान वर करायची, आणि दहातल्या चार वेळा म्हणायची, “उलट धरलंय.”

किनाऱ्यावर ते मोठं चक्रीवादळ आलं, त्याच्या आदल्या वर्षी ती गेली.

तिच्या मशीनला मी दर शनिवारी तेल घालतो. चालवत कुणी नाही, तरी. आणि कापण्याआधी अजून म्हणतो, “बघ गं”... तिला मान वर करायला लागायचा तेवढा वेळ थांबतो, मग कापतो.

आता सगळे रेडिमेड घेतात. मापं द्यायला येणारी गिऱ्हाइकं मोजकीच. खरं सांगू? मी त्यांची मापं दोनदा घेतो. पहिलं माप बरोबरच असतं. पण टेप गुंडाळली की माणूस उठून जातो ना.

गेल्या हिवाळ्यात रेवदंड्याची शबाना आली. शाळेत शिकवते, तिच्या लग्नाचे कपडे आम्हीच शिवले होते. आता मुलीचा, अल्फियाचा निकाह ठरलेला. मुलगी सोबतच होती. शबानाने पिशवीतून जांभळं, जरीच्या वेलबुट्टीचं कापड काढलं. तिच्या अम्मीची साडी, अब्बांनी मस्कतहून आणलेली. वादळात छप्पर उडालं, ट्रंकेत पाणी शिरलं, साडी कुजली. मधला तेवढा तुकडा वाचला होता, त्याच्या एका कडेला ट्रंकेच्या गंजाची तांबूस रेघ.

“अम्मीला नातीचा निकाह बघायचा होता, मास्तर. राहिलं ते. निदान तिची साडी तरी अल्फियाच्या अंगावर असू दे. ह्याचा कुर्ता होईल ना?”

“होईल की.”

“जास्तीचं बोटभरही नाही हां. तुमची सवय मला माहीत आहे.”

“कसली सवय?”

“माझ्या सलवारीचे दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले होतेत. सुमनचाचींनी निस्तरलं होतं.”

अल्फिया फिसकन हसली. मीही हसलो. आमच्या पडवीत बऱ्याच दिवसांनी तीन माणसं एकदम हसली.

अल्फिया लहानपणी झाडावरून पडली होती, तेव्हापासून उजवा हात किंचित आखूड. म्हणून बाह्यांची मापं वेगवेगळी: डावी सतरा इंच, उजवी साडेसोळा. मी अर्थातच दोनदा घेतली.

एरवी कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापतात. एक डावी, एक उजवी आपोआप होते. इथे लांबी वेगळी, म्हणून एकेक कापायची होती. पहिली कापली आणि फोन वाजला. कुठल्याशा मोबाईल कंपनीची मुलगी — कॉलर ट्यून लावायची का? मी तिला विचारलं, तुमच्याकडे थंडी पडली का. चांगली दहा मिनिटं बोललो. बिचारी ‘सर, सर’ करत राहिली. फोन ठेवला आणि त्याच खुशीत दुसऱ्या बाहीवर कात्री चालवली. “बघ गं” म्हणालोच नाही.

दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं. एक बाही उलटी फिरवून निभावलं असतं, पण त्या कापडाच्या मागल्या बाजूला जरीचे धागे लोंबत होते. कुर्त्याचे बाकी भाग आधीच कापलेले. उरल्या होत्या फक्त बोटाएवढ्या पट्ट्या.

भर दुपार. लाईट गेलेली, पंखा बंद. वाडीपलीकडून समुद्र ऐकू येत होता. मी स्टुलावर बसलो आणि रिकाम्या पडवीत मोठ्याने म्हणालो, “सुमन, दोन्ही डाव्या कापल्या गं.”

मग जोड द्यायला जांभळं काही मिळतं का, म्हणून तिच्या मशीनमागे टांगलेली चिंध्यांची पिशवी काढली. उंदीर शिरू नयेत म्हणून पिशवीचं तोंड सुमनने जाड दोऱ्याने शिवून टाकलेलं. ती गेल्यापासून मी त्या टाक्यांना हात लावला नव्हता. धीर होत नव्हता. त्या दिवशी एकेक टाका उसवला.

सगळ्यात वर एक बाही होती. जांभळी, जरीची. उजवी. कडेला गंजाची तांबूस रेघ. आतल्या बाजूला खडूने ‘अ’, त्याखाली १६ आणि पुढे चंद्रकोर. अर्धा इंच सुमन तसाच लिहायची, मी कितीदा हसलो तरी. अंगठा फिरवला तर खडू बोटाला लागला. शिंप्याचा खडू वर्षानुवर्षं टिकत नाही हो... दोनदा हाताळलं की जातो.

कुर्ता शिवला. ती खूण मात्र पुसली नाही.

शबाना अल्फियाला घेऊन कुर्ता न्यायला आली. मास्तरीणबाईच ती, आधी बाही उलटी करून शिलाई बघितली.

“हा चंद्र कसला?”

मी सगळं सांगितलं. फोनवरच्या मुलीसकट. उरलेली डावी बाही टेबलावर ठेवली. दोन बाह्यांचं कापड, आणि बाह्या तीन.

“साडीचं आणखी कापड कुणाकडे असेल?” मी विचारलं.

“कुठून असणार? कुजलेलं सगळं मी माझ्या हाताने विहिरीपाशी पुरलं.”

कुर्ता अल्फियाच्या अंगावर चपखल बसला. उजवी बाही बरोबर मनगटाच्या हाडावर थांबली. मी खूप डोकं चालवलं. सुमनने आधीच कधी कापून ठेवली म्हणावं, तर गंज वादळानंतरचा. मीच कापून विसरलो म्हणावं, तर पिशवी शिवलेली. शिवाय माझ्या हातून उजवी बाही पहिल्या फटक्यात निघणं, हाच मुळात चमत्कार. ती उरलेली बाही खणात आहे, कुणालाही दाखवीन.

त्या दिवशी निघताना शबानाने सुमनच्या मशीनवरून हात फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलेल. डोळे पुसून तिने कुर्ता पिशवीत घातला, पायरी उतरली, आणि वळून म्हणाली —

“मास्तर, त्या बाईला मेल्यावर तरी जरा बसू द्या. सरळ कापायला शिका आता.”