रुईचा चीक आणि शहाणी अळी

मंडळी, आज सकाळी एका अळीपुढे माझी लाज गेली.

शनिवार, म्हणून मारुतीच्या माळेसाठी कुंपणाच्या दगडी गडग्याजवळच्या रुईची पानं काढत होते. शाळेची घाई. पानं ओरबाडून घेतली, बोटं चिकाने माखली आणि त्याच हाताने डोळ्यावरचा घाम पुसणार, इतक्यात सासूबाईंनी मनगट धरलं.

"अगो, डोळा घालवशील! आधी देठ मोडून चीक गळू दे, कितीदा सांगितलं?"

हात धुऊन आले तर त्या एका पानाकडे बघत उभ्या. पट्ट्यापट्ट्यांची अळी पानाची शीर कुरतडत होती. चीक गळून गेला, तेव्हा ती सावकाश त्या शिरेच्या पुढचा पानाचा भाग खाऊ लागली.

मी विज्ञान शिकवते. ही अळी रुईचं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात, हे दरवर्षी सांगते. पण जास्त चीक तिलाही सोसत नाही, हे आज पाहिलं.

"हिला कोणी शिकवलं असेल?" मी म्हटलं.

"सासू नाही तिला, तरी कळतं."

माळ अकराऐवजी दहाच पानांची झाली. अकरावं म्हणून अळीचंच पान तोडायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तिचं जेवण व्हायचंय."

तुम्ही तोडलं असतंत?