कान दाखवा, सर

सोलापुरात कान पिळणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. कान मागणारा एकच पाहिला. आमच्या शाळेचे ग्रंथपाल, बिरप्पा ज्ञानबा वाघमोडे. एखादं पोरगं धापा टाकत येऊन म्हणालं, "सर, चीनची भिंत चंद्रावरून दिसते!" की सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे हात पुढे करायचे.

"कान दाखव."

नवीन पोरगं आधी स्वतःचाच कान दाखवायचं. मग मागची पोरं हसायची आणि नव्याला कळायचं की इथं प्रकार वेगळा आहे.

सर धनगराचे. सांगोल्याकडच्या माळावर त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. दोन कळप एकमेकांत मिसळले, तर कुठलं मेंढरू कुणाचं हे ठरवायला तिथं कुणी पंचायत बोलावत नाही. मेंढराचा कान बघतात. प्रत्येक घराची खाच वेगळी. ज्ञानबांची खाच डाव्या कानाला, खालून, त्रिकोणी.

"माहिती म्हणजे मेंढरूच," सर वर्गात सांगायचे. "बें बें करत कुणाच्याही मागं येतं. म्हणून आपल्या कळपात घ्यायच्या आधी कान बघायचा. कुणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि त्याला तरी कुठून कळलं? खाच दिसली तर आत घ्या. नाही दिसली तर दावणीला बांधा, वाट बघा, पण आपलं म्हणू नका."

दर बुधवारी ग्रंथालयाचा तास असायचा. त्या तासाला पोरं कोश उघडायची, पुस्तकाच्या पहिल्या पानामागचं साल बघायची, दोन पुस्तकांत दोन आकडे निघाले की भांडायची. हे वेड घरापर्यंत गेलं. आठवीतल्या एका मुलाचा बाप जेवताना म्हणाला, "आमचा कायम पहिला नंबर असायचा." मुलगा म्हणाला, "बाबा, कान दाखवा." दुसऱ्या दिवशी बाप तक्रार घेऊन शाळेत. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "पण प्रगतिपुस्तक आहे का हो तुमच्याकडे?" गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत.

चार वर्षांपूर्वी तो बुधवारचा तास गेला. संगणकाच्या खोलीला मिळाला. भिंतभर पडदा आला, आणि ग्रंथालयाच्या खोलीत सर, सात कपाटं आणि कार्डांचे लाकडी खण एवढेच उरले. कुणी काही विचारायला येईना. विचारायचं ते सगळं खिशातल्या फोनला.

त्या वर्षी नववीला 'आपला जिल्हा' असा प्रकल्प दिला होता. चाळीस वह्या आल्या. चाळीसही वह्यांत तिसऱ्या पानाच्या तळाशी एकच वाक्य, वळणदार अक्षरात : 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' एका मुलीने ते लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. सरांनी त्या वाक्यावर बोट दाबून पाहिलं. मला म्हणाले, "काही होत नाही हो, पाटीलबाई." मी हसले. ते हसले नाहीत.

मग तो सुट्टीचा निरोप आला. पावसामुळे उद्या शाळा बंद, सहीशिक्क्यासकट, सगळ्यांच्या फोनवर. पत्र खरं होतं, पण दोन वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्याच जिल्ह्याचं. दुसऱ्या दिवशी शाळेत दोघेच हजर होते, वाघमोडे सर आणि कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक घरी भजी खात. मीही खातच होते, उगाच साळसूदपणा कशाला.

सरांची निवृत्ती या एकतीस मेला होती. जन्मतारीख एक जून. आपल्याकडे एका पिढीचा जन्म एक जूनलाच झाला, तो गुरुजींच्या कृपेने. निरोपाला काय हवं असं आम्ही विचारलं. घड्याळ, शाल, सोलापूर म्हटल्यावर चादर. सर म्हणाले, "काही नको. जायच्या आधी एकदा कुणीतरी मला कान मागावा."

मग त्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली. ग्रंथालयाच्या दारावरच्या फळ्यावर रोज एक थाप, सुवाच्य अक्षरात. 'मेंढीला पाच पाय असतात.' 'उजनी धरणातलं पाणी खारट असतं.' आणि दाराशी खुर्ची टाकून वाट बघत बसायचे, गळ टाकून बसावं तसे. पोरं यायची, थाप वहीत उतरवून घ्यायची, जायची. जानेवारीभर गळाला एकच मासा लागला. त्याने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

फेब्रुवारीत एका दुपारी वीज गेली. संगणकाची खोली अंधारली आणि आठवीतली वैष्णवी ग्रंथालयात आली. तिचं घर मूळचं करकंबचं, बाबा इथं रिक्षा चालवतात. मी तिथंच वह्या तपासत बसले होते. सरांना कुणीतरी मिळालं, आणि मग ते नेहमीच्या गोष्टीवर आले. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती.

बहात्तरच्या दुष्काळात ज्ञानबा मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी सोलापूरच्या बाजूला आले. रस्त्यात कुणीतरी फोटो काढला. तो पेपरात छापून आला. चहाच्या टपरीवर एकाने पेपर दाखवला, ज्ञानबांनी विचारलं, खाली काय लिवलंय? तो म्हणाला, तुझंच नाव की, 'ज्ञानबा वाघमोडे'. ज्ञानबांनी तो पेपर मागून घेतला, पटक्यात बांधून घरी आणला. आठ दिवसांत शेळीने तो खाल्ला. शेवटपर्यंत म्हातारा सांगायचा, "माझं नाव पेपरात हाय. तू वाचून दाव मला."

वैष्णवीने सगळं ऐकलं. मग हात पुढे केला.

"कान दाखवा, सर."

सरांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. "काय म्हणालीस?"

"आमचा दादा तुमच्याकडे शिकलाय की. घरी सारखं तेच म्हणतो. आईनं भाजी छान झालीय म्हटलं तरी."

सर इतके आनंदले की दोन मिनिटं नुसते खण उघडत आणि मिटत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आता कान दाखवायचा आहे. खुर्चीत बसले. भावना अनावर झाल्या की प्रमाण भाषा त्यांच्या अंगावरून घोंगडीसारखी घसरते.

"न्हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "तीस वर्सं शोधतोय."

हे मला नवीन होतं. शहरातल्या जुन्या वाचनालयात त्या काळच्या दैनिकाच्या बांधीव फायली आहेत. सर दर रविवारी तिथं जात. मी समजत होते की मोफत पेपर वाचायला जातात. तशी चेष्टाही केली होती. बहात्तर सालची सगळी पानं त्यांनी कितीतरी वेळा पालथी घातली होती. आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, दोन हजार एक साली गेले. तोवर वाचून दाखवायचं राहिलं, आणि नंतरही शोधायचं सुटलं नाही.

"बहात्तरच कशावरून?" वैष्णवी.

"अगं, बहात्तरचा दुष्काळ म्हणतात त्याला!"

"म्हणतात. पण कुणी सांगितलं की फोटो त्याच वर्षी निघाला? माझी आजी म्हणती, दुष्काळ पुढच्या पावसापतोर होता."

मी वह्या बाजूला ठेवल्या.

"तुमच्या आप्पांनी आणखी काय सांगितलं होतं? फोटोनंतर काय झालं?" वैष्णवीने विचारलं.

"काय व्हायचंय? पुढच्याच आठवड्यात मला शाळेत घातलं. म्हणाले, परत कुणाला विचारायची पाळी नगं. गुरुजींनी डोक्यावरून हात घेऊन मला कान धरायला लावला. उजव्या हाताला डावा कान घावला. गुरुजी म्हणाले, झाला सहा वर्षांचा, लिहा एक जून सदुसष्ट..."

बोलता बोलता सर थांबले. तीस वर्षं पोरांना कान मागणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानाचं साल आत्ता आठवलं होतं.

त्यांचा शाळेचा जुना दाखला निघाला. प्रवेश : ११ जून १९७३.

पुढच्या रविवारी वैष्णवीच्या बाबांनी आम्हा तिघांना रिक्षातून वाचनालयात सोडलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मुलगी बघायला निघाल्यासारखे. फाइल त्र्याहत्तरची. त्यांनी वैष्णवीला पानं उलटायला सांगितलं. स्वतः मागे सरकून बसले, म्हणाले, धुळीची ॲलर्जी आहे.

तीन जूनच्या अंकात, पान चारवर, फोटो होता.

रस्ता. मागे मेंढरांची रांग. पुढे एक माणूस, पटका, खांद्यावर कोकरू. कोकराने मान पुढे काढलेली, त्यामुळे माणसाचा अर्धा चेहरा झाकलेला. उरलेल्या अर्ध्यावर पटक्याची सावली. खाली एक ओळ, 'चाऱ्याच्या शोधात निघालेला एक मेंढपाळ.'

"नाव नाही, सर," वैष्णवी हळूच म्हणाली.

"न्हाय."

"मग टपरीवरचा माणूस खोटं बोलला."

"व्हय." सर त्या ओळीवरून बोट फिरवत होते. "चांगला माणूस असंल. समोर एवढ्या आशेनं विचारतोय म्हणल्यावर 'एक मेंढपाळ' कसं सांगावं त्यानं? दिलं नाव घालून." मग थोड्या वेळाने, "आनी आप्पा ते नाव अठ्ठावीस वर्सं सांगत फिरले."

त्यांनी भिंग काढलं आणि कोकराच्या डाव्या कानावर धरलं. मीही वाकले. खालच्या बाजूला एक काळा त्रिकोण होता. किंवा शाईचा डाग. त्या काळची छपाई म्हणजे ठिपक्यांची रांगोळी.

"खाच हाय," सर म्हणाले. "दिसती का, पाटीलबाई?"

मला दिसत होती. त्यांच्याकडे बघून मला काहीही दिसलं असतं. मीही त्या टपरीवरचीच.

वैष्णवीने भिंग मागून घेतलं. बघितलं, पुन्हा बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण पोरगी करकंबची, हटणारी नव्हे.

"शाई पण असू शकते, सर. मागच्या मेंढरावर पण असाच डाग आहे. त्याच्या तर पाठीवर."

सरांनी मान हलवली. खिशातून कोरं कार्ड काढलं, आमच्या ग्रंथालयातलं, आणि लिहिलं : 'मेंढपाळ, कोकरासह. ३ जून १९७३, पान ४. ज्ञानबा वाघमोडे.' पेन तसंच धरून बसले. वैष्णवी नुसती कार्डाकडे बघत राहिली. मग सरांनी नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते काढताना त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा मी कुणाला एका प्रश्नचिन्हाला लागलेला पाहिलेला नाही.

बाहेर रिक्षा यायला वेळ होता. वाचनालयाच्या पायरीवर बसलो. वैष्णवीला बक्षीस म्हणून सरांनी शेंगाची पोळी आणली होती, ती आम्ही तिघांनी संपवली. ऊन मी म्हणत होतं. सरांनी एकाएकी उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरायला बघू लागले. खांदा आखडलेला. बोटं टाळूपर्यंत जाऊन थांबली.

"पोचंना की आता," ते म्हणाले.

"मग तुम्हाला अजून शाळेत घेता येणार नाही, सर," वैष्णवी म्हणाली.

सर हसले. हात तसाच डोक्यावर, नजर रस्त्यावर.

"घेऊ नका," ते म्हणाले. "आप्पांनी फक्त दारापर्यंत सोडायला याय पायजे."