समजून नाही राहिलं

आमच्या पोलीस दलात "मला समजलं नाही" असं कुणी म्हणत नसे. शिपाई म्हणायचा "जी साहेब", हवालदार म्हणायचा "करतो साहेब" आणि साहेब म्हणायचे "बघू". ही तीन उत्तरं एकमेकांना टेकून उभी असल्यामुळे सगळा कारभार कसा ताठ दिसायचा. त्यात एकच माणूस असा होता, की भर परेडला, साहेबांच्या तोंडावर, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "मले समजून नाही राहिलं, साहेब." ते आमचे मिस्तरी.

मिस्तरी हे घरं बांधणारे नव्हेत. दलातल्या बंदुका ज्या खोलीत ठेवतात तिला आम्ही कोत म्हणतो. त्या कोताच्या खिडकीशी एक लाकडी बाक, एक स्टूल आणि त्या स्टुलावर मिस्तरी. अडलेली, रुसलेली, गंजलेली प्रत्येक बंदूक त्यांच्या मांडीवर जायची. हुद्दा हवालदाराचा, गाव पवनी, मिशा पांढऱ्या आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक मारायचे. कुणी साकोली, कुणी लाखांदूर, कुणी मोहाडी. मी तुमसर. माझ्या आईनं बारशाला ठेवलेलं नाव मिस्तरींनी नोकरीभर एकदाही उच्चारलं नाही, आणि मला वाटतं, मी तुमसरचं नाव ज्या प्रकारे गाजवलं ते पाहता तिथल्या लोकांनी याबद्दल तक्रार करायला हवी होती.

त्यांची कामाची पद्धत बघून नवा माणूस गोंधळून जायचा. बंदूक हातात आली की ते ती उघडत नसत. आधी तिच्याकडे बघायचे. मग आणणाऱ्याकडे बघायचे. मग "समजून नाही राहिलं" असं जाहीर करून स्टुलावर बसायचे आणि समोरच्यालाही बसवायचे. एकदा मी विचारलं, की मिस्तरी, न समजल्यावर माणूस धावपळ करतो, तुम्ही बसता कसे? तर म्हणाले, "उभ्यानं समजत नाही गा. बसलं का हळूहळू समजते." मी बसलो. मला काहीच समजलं नाही, फक्त पायाला मुंग्या आल्या.

आमच्याकडच्या बंदुका एसएलआर. म्हणजे एकदा घोडा ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढची गोळी आपली आपण जागेवर येते. हे कसं होतं ते मिस्तरींनी मला कितीतरी वेळा समजावलं. गोळीच्या मागे जो धूर सुटतो, त्यातला थोडासा एका भोकातून वर जातो आणि एका दांड्याला मागे ढकलतो. त्या दांड्याला पिस्टन म्हणायचं. धूर कमी पडला तर पिस्टन अर्ध्यातच थकतो आणि पुंगळी तोंडात अडकून बसते. धूर जास्त झाला तर बंदूक खांद्याला लाथ मारते. किती धूर सोडायचा ते ठरवायला नळीवर एक छोटी चकती असते. मिस्तरी ती चकती एकेक घर फिरवत, एकेक गोळी झाडत, आणि पुंगळी कुठे पडते ते बघत. नीट पडायला लागली की आणखी थोडी फिरवायची आणि थांबायचं. "पोट भरलं, अन वरतून दोन घास," असं ते म्हणायचे. या वाक्यानंतर मला भूक लागायची आणि पुढचं मी विसरायचो.

पुंगळ्यांवरून आठवलं. सरावात झाडलेल्या प्रत्येक गोळीची पुंगळी मोजून परत द्यावी लागते. माझ्या पहिल्याच वर्षी डावीकडच्या गड्याची गरमागरम पुंगळी उडून थेट माझ्या कॉलरमध्ये शिरली. मी जो काही नाच केला, त्याला कवायतीच्या पुस्तकात नाव नाही. बंदूक जमिनीवर टाकून दिली एवढीच काय ती अक्कल दाखवली. सराव संपला, एक पुंगळी कमी भरली, आणि सगळी तुकडी उन्हात गवतात वाकून शोधत बसली. मीही शोधत होतो, सगळ्यांत मन लावून. शेवटी मिस्तरी माझ्याजवळ आले, माझ्या बनियनच्या पोटाशी बोट लावलं आणि म्हणाले, "तुमसर, हे का वाजून राहिलं?" त्या दिवसापासून दलात माझ्या शब्दाला किती किंमत उरली, ते पुढे कळेलच.

निवडणूक आली की गावागावांतून परवान्याच्या बंदुका आमच्याकडे जमा व्हायच्या. त्यांत रानडुकरांपासून धान राखायला ठेवलेल्या जुन्या भरमार बंदुकाही असत. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे हातानं ठासून भरायची बंदूक. मिस्तरींचा त्यांच्यावर भारी जीव. बंदुका रिकाम्या आहेत याची खात्री करून ते त्या भिंतीशी ओळीनं उभ्या करायचे आणि मालकांकडे बघून घ्यायचे. हा कंजूष आहे, हा दारू कमीच भरत असेल. हा तापट आहे, याच्या बंदुकीचा लाकडी दस्ता तडकलेला असणार. आणि तो तडकलेला निघायचा. "भरमार बिघडली तं मालकाले पाहाचं," असं ते सांगायचे. "ज्याच्या हातानं भरली, त्याचा सोभाव तिच्यात जाते. आपल्या एसएलआरचं तसं नाही. गोळी कारखान्यातली, बंदूक कारखान्यातली. तिच्यात मानूस नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांना माझ्यामुळे मागे घ्यावं लागलं.

त्या वर्षी हिवाळ्यात आमचा वार्षिक गोळीबार सराव लागला. नवे निरीक्षक साहेब नुकतेच आले होते. तडफदार माणूस, सगळं ताबडतोब पाहिजे. पहिल्याच सकाळी माझी बंदूक अडकली. एक गोळी सुटली, पुंगळी तोंडातच. खडखडवून काढली, परत एक सुटली, परत तोंडात. मिस्तरींनी बंदूक घेतली, उघडली, काळा चिकट मळ पुसला, चकती फिरवली आणि स्वतः झाडून बघितली. पुंगळ्या अशा पडायला लागल्या की जणू कुणी एका टोपलीत मोजून टाकतंय. बंदूक मला परत मिळाली.

दुसऱ्या सकाळी परत अडकली.

मिस्तरी साहेबांसमोर म्हणाले, "समजून नाही राहिलं." मग त्यांनी मॅगझीन बदललं. स्प्रिंग बदलली. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या आणून काचेच्या तुकड्यावर एकेक लोळवून पाहिल्या, कुठली वाकडी आहे का म्हणून. एकही वाकडी नव्हती. पुसली, झाडली, चालली. आणि त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा माझ्याच हातात तोंड मिटून बसली. शेजारच्या मोहाडीची बंदूक ठणठणीत, साकोलीची ठणठणीत. मी तर पार चक्रावलो. मला वाटलं, बंदुकीला माझा राग आहे. मी तिच्याशी एकदा गोडीनं बोलूनही पाहिलं. मोहाडीनं ते ऐकलं आणि आठवडाभर माझी टर उडवली.

साहेबांचा मात्र निष्कर्ष वेगळा होता, आणि तो त्यांनी सगळ्यांदेखत सांगितला. मिस्तरींची नजर गेलेली आहे, हात चालत नाहीत, म्हणून एक साधी बंदूक दुरुस्त होत नाही. उद्याही हिचं कारण सापडलं नाही, तर मिस्तरींनी उरलेली नोकरी भांडारात घोंगड्या मोजत काढावी.  मिस्तरींच्या निवृत्तीला थोडेच महिने होते आणि त्यांचं एकच मागणं होतं, शेवटचा दिवस त्या खिडकीजवळच्या बाकावर जावा. मी संध्याकाळी कोताकडून गेलो तेव्हा ते रिकाम्या बाकावर फडकं फिरवत होते. बाक स्वच्छच होता.

उद्याची सकाळ उजाडली ती धुक्याची. समोरचं निशाण दिसेना, म्हणून गोळीबार थांबला. मिस्तरींनी माझी बंदूक मागून घेतली आणि म्हणाले, रोज आपण अडकल्यावर उघडतो, आज चालवायच्या आधी उघडून पाहू. पिस्टन बाहेर काढला. आज त्यावर धुराची काजळी नव्हती. पिवळसर, चकचकीत, गुळाच्या पाकासारखं काहीतरी बसलेलं होतं. त्यांनी बोट लावलं. बोट चिकटलं. मग त्यांनी पिस्टन नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ हुंगत राहिले.

"तुमसर," ते हळूच म्हणाले, "तुही माय चटणी जवसाची करते का?"

मी अभिमानानं सांगितलं, की हो जी, आणि तेलही घरच्या जवसाचं, घाण्यावरून काढून आणलेलं. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हाही आलं नव्हतं. झालं होतं असं, की आदल्या वर्षी माझ्या बंदुकीवर गंजाचा एक ठिपका निघाला आणि मला बोलणी बसली. सरकारी तेल पाण्यासारखं पातळ, लावलं की गायब. आमच्या घरी बाबा बैलबंडीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळतात, ते वर्षभर टिकतं. खुद्द मिस्तरींनीच बंदुकीच्या दस्त्याला जवसाचं तेल लावायला शिकवलेलं. मी म्हटलं, लाकडाला एवढं मानवतं तर लोखंडानं काय पाप केलंय? म्हणून सरावाच्या आठवडाभर आधी एक हात देऊन ठेवला, आणि मग रोज सराव संपला की नळी गरम असतानाच, चांगलं मुरावं म्हणून, आतबाहेर, पिस्टनसकट, आईच्या बाटलीतलं तेल चोळून मी बंदूक जमा करत होतो. जवसाचं तेल सुकलं की रोगणासारखं होतं, गरम लोखंडावर तर लगेच, हे मला मिस्तरींच्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू उमगत गेलं.

त्यांनी रॉकेलचं फडकं घेतलं, पिस्टन लखलखीत पुसला, फडकं घडी घालून खिशात ठेवलं. तेवढ्यात धुकं विरलं आणि साहेब आले. बंदूक झाडून पाहिली गेली. एकही पुंगळी अडली नाही. साहेबांनी विचारलं, मग इतके दिवस असं का होत होतं? शस्त्रात परस्पर काही केलं तर चौकशी लागते, वेतनवाढ जाते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मले समजून नाही राहिलं, साहेब."

मी पुढे झालो. खरं सांगतो, शौर्यानं नव्हे, पाय आपोआप निघाले. म्हणालो, साहेब, मी जवसाचं तेल लावलं होतं, आईच्या बाटलीतलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बंदूक उघडायला लावली, हुंगली. रॉकेलचा वास. त्यांनी विचारलं, की हाच का तो बनियनमध्ये पुंगळी घेऊन फिरणारा? मग म्हणाले, "म्हाताऱ्याला वाचवायला चटणीची गोष्ट घेऊन आलास? जा, रांगेत उभा राहा." मी मिस्तरींच्या खिशाकडे बोट दाखवलं. मिस्तरींनी त्या खिशावर तळहात ठेवला आणि समोरच्या निशाणाकडे बघत राहिले.

ते घोंगड्यांत गेले. कोतात नवा माणूस आला. तो फार हुशार होता, त्याला प्रत्येक बंदूक बघताक्षणी समजायची आणि बऱ्याचशा परत यायच्या. मी भांडारात दोनदा गेलो, पण मिस्तरी तिथे स्टुलाशिवाय, उभ्यानं घोंगड्यांच्या घड्या मोजत होते, आणि मला काही विचारता आलं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी हार गळ्यातून काढून खांद्यावर टाकला, एकदा कोताच्या खिडकीकडे बघितलं आणि पवनीची एसटी धरली.

गेल्या उन्हाळ्यात मी पवनीला गेलो. आईनं चटणीचा डबा दिला होता. मिस्तरी अंगणात चटईवर बसलेले, पुढ्यात शेजाऱ्याचा फवारणीचा पंप उघडून. डबा घेतला, झाकण काढून हुंगलं, आणि बाजूला ठेवला. मग मी इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं, की कारण हातात होतं, फडकं खिशात होतं, तुमचा बाक वाचत होता, मग साहेबांना खोटं काहून सांगितलं?

"खोटं कायचं?" ते म्हणाले. "बंदुकीले काय झालं ते समजलं होतं. पन लोखंडाले मायच्या हातचं खायाचं तेल लावनारा मानूस म्या अख्ख्या नोकरीत पाह्यला नव्हता. अशा मानसाले सजा द्यावी का त्याचं कौतुक करावं, ते मले समजून नाही राहिलं. तेच सांगतलं साहेबाले."

"आणि आता?"

"आताही नाही."

त्यांनी पंप माझ्याकडे सरकवला, म्हणाले, तू पाह्य जरा, दाब भरतो पण फवारा येत नाही. मी नळी पाहिली, झडप पाहिली, दांडा वरखाली केला, फुंकून पाहिलं. दुसरा कुणी समोर असता तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

"मला समजून नाही राहिलं, मिस्तरी," मी म्हणालो.

ते चटईवर जरासे सरकले, शेजारची जागा हातानं झटकली.

"मंग बस," म्हणाले.