दुखवट्याची बाजू

"अरे देवा, हा तर पिझ्झाच्या दुकानातला टेबलक्लॉथ!"

माझ्या लुगड्याच्या लाल चौकड्यांकडे बघून सुपरवायझरबाई म्हणाल्या. सगळं कॅन्टीन हसलं.

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली सिडनी. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. त्या दिवशी कॉस्च्युम लंच होतं. परदेशातून आलेल्यांनी आपापल्या देशाचे कपडे घालून यायचं, डबा आणायचा, फोटो काढून घ्यायचा.

मी आईचं लुगडं नेसले होते. वसईच्या आमच्या ख्रिस्ती बायका नेसतात तसं, काष्टा घालून. आई गेली तेव्हा मला जाता आलं नव्हतं. मागाहून लुगडं तेवढं आलं.

एका डॉक्टरांच्या पत्नी, दादरच्या, कांजीवरम नेसून शेजारी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, एखादी बरी साडी नव्हती का? इथल्यांना वाटेल, आपण सगळे असेच."

असेच. म्हणजे कसे, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. टेबलक्लॉथपेक्षा ते जास्त लागलं.

तेवढ्यात मार्सेला आली.

मार्सेला आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची. ग्वाटेमालातली माया बाई. टूनगॅबी या उपनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायची. अंगणात कपडे वाळवायचा खांब होता. मागाचं एक टोक ती त्या खांबाला बांधायची, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. गवतावर गुडघे टेकून विणायची. मागे रेलली की धागे ताठ. शंकरपाळ्यासारख्या नक्षीवर बोट ठेवून तिने एकदा सांगितलं होतं, "हे जग. हे चार कोपरे, चार दिशा. झग्याच्या गळ्यातून डोकं बाहेर काढलं की बाई मधोमध उभी."

त्यांच्याकडे प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. तिकडे लष्कर माया लोकांची गावंच्या गावं संपवत होतं, आणि सैनिकांना कपड्यावरून गाव कळायचं. म्हणून पळताना तिने परका फ्रॉक घातला. बहिणीने अंगावरचं उतरवलं नाही. बहीण मारली गेली.

इथे विणलेला, आपल्या गावच्या नक्षीचा झगा मार्सेला त्या दिवशी घालून आली होती. उलटा. रंग आत, गाठी आणि सुटे धागे बाहेर. तिच्या गावात दुखवट्यात असाच घालतात.

"लव्ह, उलटा घातलायस की!" सुपरवायझरबाईंनी तिच्या झग्याची कड वर उचलली. आतले रंग सगळ्यांना दाखवले. "किती सुंदर! जा, सुलटा करून ये. फोटोवाला थांबलाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग ना हिला, तुमच्या भाषेत."

मी इंग्रजीतच बोलले. "कड सोडा. तिची बहीण गेलीय. हा उलटाच घालायचा असतो."

"ओह. पण आज पार्टी आहे ना? दोन मिनिटांचा तर प्रश्न."

"नाही. ती बदलणार नाही."

मार्सेलाने माझा दंड धरला. "जॉब," एवढंच म्हणाली. आणि स्टोअररूममध्ये गेली.

बाहेर आली ती लाल, जांभळी, पिवळी. सगळं गाव छातीवर. टाळ्या पडल्या. सैनिकाकडे बघावं तशी ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"टेबलक्लॉथ, तूही ये!" सुपरवायझरबाईंनी मला हाक मारली.

"मी येणार नाही," मी म्हणाले. "हे माझ्या आईचं आहे."

दादरच्या बाई पुटपुटल्या, "अगं, किती ताणतेस!"

"ताणल्याशिवाय कापड होत नाही, वहिनी."

मी लुगड्यातच भर रस्त्याने स्टेशनपर्यंत चालत गेले. ट्रेनमध्ये रडले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

त्यानंतर मार्सेलाने माग बांधला नाही. त्या खांबाच्या दोऱ्यांवर नुसते युनिफॉर्म वाळायचे. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दुखवटा संपला की मी स्वतः तो सुलटा करणार होते. तो दिवस माझा होता."

परवा तुमच्या ममाचा फोन आला. शाळेत कल्चर डे आहे, आजीचं लाल लुगडं कुरियर करा.

करणार नाही.

तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. लुगडं हवं असेल तर इथे या. माझ्यासमोर उभे राहा, काष्टा घालायला शिका, ते कुणाचं होतं ते तोंडाने सांगा. मग न्या, कायमचं न्या. फोटोसाठी या घरातून सुताचा एक धागाही जाणार नाही.